अशी ही बनवाबनवी

अशी ही बनवाबनवी : मराठीतील एक प्रहसनात्मक बोलपट (१९८८). व्ही. शांताराम प्रॉडक्शन्सच्या वतीने किरण शांताराम यांनी त्याची निर्मिती केली. दिग्दर्शन सचिन पिळगावकर यांचे, पटकथा व संवाद वसंत सबनीस यांचे आणि संगीत अरुण पौडवाल यांचे आहे. २३ सप्टेंबर १९८८ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचे कथाबीज हृषीकेश मुखर्जी यांच्या बिवी और मकान (१९६६) या हिंदी चित्रपटातून आलेले आहे. एका विस्मृतप्राय चित्रपटाची ही दुसरी आवृत्ती मूळ कृतीपेक्षा अधिक लोकप्रिय व्हावी आणि तीन तपांनंतरही टिकून राहावी, ही घटना चित्रपटसमीक्षेच्या दृष्टीने विचारणीय आहे. मूळ कृती आणि पुनर्निर्मिती यांचा संबंध कसा असतो आणि आदळआपटीचा विनोद एखाद्या समाजात कशामुळे रुजतो, या दोन्ही प्रश्नांचा विचार या चित्रपटाच्या आधारे करता येतो.

पूर्वपीठिका : आदळआपटीच्या विनोदाला इंग्रजीत ‘स्लॅपस्टिक’ ही संज्ञा आहे. इटलीतील ‘कॉमेदिया देल्लार्ते’ या जुन्या नाट्यप्रकारातील विदूषकाच्या हाती दोन फळ्या जोडून केलेली एक काठी असे. तिच्या फटक्याचा आवाज मोठा होई. पण इजा होत नसे. मोठा आवाज आणि खोटी जखम हे या विनोदाचे मूळ लक्षण होय. मूकपटांच्या काळात मॅक सेनेट याने १९१२ मध्ये स्थापन केलेल्या ‘कीस्टोन’ कंपनीने या विनोदाचे लघुपट मोठ्या संख्येने काढले. चार्ली चॅप्लिनची चित्रपटातील कारकीर्दही याच कंपनीत सुरू झाली. भारतात दादासाहेब फाळके यांनी पौराणिक चित्रपटांच्या जोडीने पिठाचे पंजे हा छोटा विनोदी चित्रपट काढला होता.

जुन्या कृतीवरून नवी कृती रचण्याची प्रथा या विनोदाच्या क्षेत्रात पहिल्यापासून आहे. लॉरेल आणि हार्डी या जोडीचा द म्यूझिक बॉक्स (१९३२) हा लघुपट त्यांच्याच हॅट्स ऑफ (१९२७) या मूकपटावरून केलेला आहे. मूकपटात हे दोघे कपडे धुण्याचे यंत्र उंच पायऱ्यांवरून वर नेतात. बोलपटात त्या यंत्राच्या जागी पियानो आला. ओझे बदलताच विनोदाचे स्वरूपही बदलले. कारण पियानो घरंगळताना स्वतःच आवाज करतो आणि नव्याने आलेल्या ध्वनितंत्राला त्यामुळे काम मिळते. विनोदी लघुपटासाठीचे पहिले ‘अकॅडमी’ पारितोषिक या लघुपटाला मिळाले. मूळ मूकपट आज उपलब्ध नाही. पुनर्निर्मिती मात्र अभिजात ठरली.

पुरुषांनी स्त्रीवेष घेऊन केलेल्या फसवणुकीच्या कथेलाही अशीच परंपरा आहे. बिली वाइल्डर यांचा सम लाइक इट हॉट (१९५९) हा या प्रकारातील सर्वांत विख्यात चित्रपट होय. त्याच्यामागे १९५१ मधील एक जर्मन आणि त्याहीमागे १९३५ मधील एक फ्रेंच चित्रपट आहे. आधीच्या चित्रपटांत बेकार वादक पोटासाठी वेषांतर करतात; वाइल्डर यांच्या चित्रपटात ते गुंडांपासून जीव वाचविण्यासाठी वेषांतर करतात. कथेचा सांगाडा कायम ठेवून वेषांतरामागची निकड बदलावी, म्हणजे तीच कथा नवी होते, हे यावरून ध्यानात येते. अशी ही बनवाबनवीचे परीक्षणही याच कसोटीवर करावे लागते.

मराठी रसिकाला रूपांतराचे वावडे कधीच नव्हते. गो. ब. देवल यांनी आर्थर मर्फीच्या नाटकावरून फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा (१८९३) हे गद्य नाटक लिहिले. मर्फीचे नाटक मोल्येरच्या प्रहसनावर आधारलेले होते. पुढे देवलांनी आपल्या गद्य नाटकालाच संगीताची जोड दिली आणि त्यातून संगीत संशयकल्लोळ (१९१६) सिद्ध झाले. फ्रेंचमधून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठी गद्यात आणि गद्यातून संगीत नाटकात असा प्रवास करून आलेली ही कृती आज अस्सल मराठी मानली जाते. ब्रँडन टॉमस यांच्या चार्लीज आंट (१८९२) या प्रहसनावरून प्र. के. अत्रे यांनी केलेले मोरूची मावशी हे नाटकही असेच आपलेसे झाले. १९८० नंतरच्या दशकात विजय चव्हाण यांनी त्यातील मावशी पुन्हा लोकप्रिय केली. म्हणजे प्रस्तुत चित्रपट आला त्या सुमारास साडी नेसलेल्या पुरुषाला पाहून हसणारा प्रेक्षक नाट्यगृहात तयारच होता.

मूळ चित्रपट : बिवी और मकान याच्यामागेही एक पूर्वज आहे. शैलेश दे यांच्या लेखनावर आधारलेला जय माँ काली बोर्डिंग हा बंगाली चित्रपट १९५५ मध्ये आला होता. भानू बंदोपाध्याय हे त्यातील प्रमुख विनोदी नट होत. हृषीकेश मुखर्जींच्या हिंदी चित्रपटात बिस्वजीत, मेहमूद व केश्टो मुखर्जी यांच्या भूमिका असून संगीत हेमंतकुमार यांचे व गीते गुलजार यांची आहेत. घर मिळत नाही म्हणून मित्रांपैकी काहींनी बायका व्हावे, ही मूळ कल्पना त्यात आहे. पण मुखर्जींच्या गाजलेल्या चित्रपटांत त्याची गणना सहसा होत नाही. एकामागून एक कृतींतून आलेली ही कल्पना १९८८ मध्ये मराठीत आली, तेव्हा ती बरीच हाताळली गेलेली होती. नवी कल्पना सुचणे हे सबनीस-सचिन यांचे श्रेय नव्हे. हाताळलेली कल्पना कोठे नेऊन ठेवावी, हे त्यांना कळले, यात त्यांचे श्रेय आहे.

कथानक : पुण्यात नोकरी करणारा धनंजय माने (अशोक सराफ) हा विश्वासराव सरपोतदार (सुधीर जोशी) यांच्या घरी भाडेकरू आहे. धाकटा भाऊ शंतनू (सिद्धार्थ रे) आणि सुधीर (सचिन) व परशुराम (लक्ष्मीकांत बेर्डे) हे मित्र त्याच्या आश्रयाला येतात. घरमालकाशी बिनसल्यावर चौघांवर नवे बिऱ्हाड शोधण्याची पाळी येते. लीलाबाई काळभोर (नयनतारा) या वृद्ध बाईंच्या बंगल्यात जागा आहे. परंतु त्या विवाहित जोडप्यांनाच जागा देणार असतात. तेव्हा परशुराम हा धनंजयची पत्नी पार्वती होतो आणि सुधीर हा शंतनूची पत्नी सुधा होतो. माधुरी (अश्विनी भावे), मनीषा (सुप्रिया), सुषमा (निवेदिता जोशी) आणि कमळी (प्रिया अरुण) यांच्या आगमनाने गुंतागुंत वाढत जाते. ज्या खोटेपणामुळे डोक्यावर छप्पर मिळाले, तोच खोटेपणा चौघांच्या प्रेमाच्या आड येतो. शेवटी सोंग उघडे पडते आणि जोड्या जुळतात.

घराचा प्रश्न : या प्रहसनाचा पाया घराची टंचाई हा आहे आणि तो खरा असल्यामुळे त्यावरचा खोटेपणाचा इमला डळमळत नाही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने शहरांतील भाडी गोठविली होती व एकदा आत आलेल्या भाडेकरूला बाहेर काढणे मालकाला अवघड झाले होते. हा कायदा २००० मध्ये नव्या राज्य कायद्याने रद्द होईपर्यंत पुण्यातही लागू होता. आपण आत कोणाला घेतो याची धास्ती मालकाला आणि आपल्याला कोणी आत घेईल काय याची चिंता भाडेकरूला, असा परस्पर संशयाचा व्यवहार त्यातून निर्माण झाला. त्यातही एकट्या तरुणांना जागा देण्यास मालक नाखूश असत. साठोत्तर काळात पुणे आणि पिंपरी-चिंचवड या परिसरात कारखाने वाढले, महाविद्यालये वाढली आणि बाहेरगावच्या तरुणांचा ओघ सुरू झाला. पश्चिम महाराष्ट्रातील तालुक्यांतून आणि मराठवाड्यातून, उदाहरणार्थ साखर कारखाना असलेल्या ढोकीसारख्या धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यातील गावांतून, पुण्याला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलाची पहिली अडचण पुस्तकांची वा पगाराची नसे. ती खोलीची असे. एकाच्या खोलीत चौघांनी राहणे, मालकाच्या नजरेआड पाहुणे आणणे, रात्री उशिरा पावले न वाजवता जिना चढणे हा अनुभव अनेक घरांत परिचित होता.

सरपोतदारांच्या घरातील आरंभीचा भाग या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. तो वेषांतराच्या आधी येतो व स्त्रीवेषाचा त्याच्याशी काही संबंध नाही. एखादा घाईचा दिग्दर्शक तो आटोपता घेऊन साडीच्या प्रसंगाकडे वळला असता. येथे मात्र मालक आणि भाडेकरू यांतील कुरबूर सावकाश रंगविली आहे. सुधीर जोशींचे सरपोतदार खलपुरुष नाहीत. ते हिशेबी, किंचित भोळे आणि आपल्या हक्काविषयी जागरूक असे गृहस्थ आहेत. औषधासाठी दिलेले सत्तर रुपये परत मागणाऱ्या सरपोतदारांना धनंजय जे उत्तर देतो, त्यात पैशालाही मरण आणण्याची खुबी आहे. हा प्रसंग केवळ शब्दांवर उभा आहे. त्यात कोणी पडत नाही की आपटत नाही. परंतु त्यामुळे धनंजयचे चरित्र पक्के होते. हा मनुष्य वाईट नाही, पण अडचणीत सापडला की सत्य वाकविण्यात तरबेज आहे, हे प्रेक्षकाला समजते. पुढे तो जेव्हा मित्राला बायको म्हणून उभा करतो, तेव्हा ते त्याच्या स्वभावाला धरूनच वाटते.

स्त्रीवेषाचे दोन प्रकार : मराठी रंगभूमीला पुरुषांनी केलेल्या स्त्रीभूमिकांचा मोठा वारसा आहे. बालगंधर्वांची (१८८८–१९६७) भूमिका पाहताना समोर पुरुष आहे, याचा प्रेक्षकाला विसर पडावा, अशी त्या कलेची आकांक्षा होती. फाळक्यांच्या राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटात तारामती साळुंके या पुरुष नटाने साकार केली. तेथे स्त्री नटी न मिळणे ही अडचण होती. हसविणे हा हेतू नव्हता. याउलट तमाशातील गवळणीत येणारी ‘मावशी’ ही भूमिका पुरुषाने करावयाची असते आणि तो पुरुष आहे, हे कोणीही विसरू नये, अशीच तिची रचना असते. एका परंपरेत सोंग लपते आणि दुसऱ्या परंपरेत सोंग मिरवते.

प्रस्तुत चित्रपटाचे कौशल्य असे की, त्याने या दोन्ही परंपरा एकाच घरात जावा म्हणून नांदविल्या आहेत. सचिन यांची सुधा पहिल्या परंपरेची वारसदार आहे. तिची चाल, मुरका, पदर सावरण्याची लकब यांत एक सफाई आहे. क्षणभर ती पटते आणि तिच्या पटण्याचेच हसू येते. लक्ष्मीकांत बेर्डे (१९५४–२००४) यांची पार्वती दुसऱ्या परंपरेतील आहे. साडी तिच्या अंगावर ठरत नाही, आवाज मध्येच घसरतो, राग आला की परशुरामाचे हात कमरेऐवजी बाह्या सरसावण्याकडे जातात. आता उघडकीस येणार, ही धास्ती प्रत्येक प्रसंगात पार्वतीमुळे टिकते. आणि हे खपू शकते, हा विश्वास सुधेमुळे मिळतो. दोघेही सुधेसारखे असते, तर प्रहसनातील धोका संपला असता. दोघेही पार्वतीसारखे असते, तर लीलाबाईंची फसवणूक अशक्य वाटली असती. या तोलाचे श्रेय काही अंशी संहितेलाही द्यावे लागते. वसंत सबनीस (१९२३–२००२) हे विच्छा माझी पुरी करा या गाजलेल्या लोकनाट्याचे लेखक. सोंगाने आपले सोंगपण मिरवीत राहावे, हा लोकनाट्यातील संकेत त्यांच्या हाडीमाशी होता.

या दोघांच्या मध्ये अशोक सराफ उभे आहेत. त्यांना वेषांतर नाही. पण खोटे टिकविण्याचा सगळा भार त्यांच्यावर आहे. बायकोची ओळख करून देताना त्यांची जीभ लिंगाच्या बाबतीत घसरते, तो प्रसंग प्रसिद्धच आहे. मराठीत सर्वनाम, विशेषण आणि क्रियापद यांतून लिंग व्यक्त होते. त्यामुळे सोंग घेतलेल्या पुरुषाबद्दल मराठीत बोलणे हीच एक तारेवरची कसरत ठरते. इंग्रजीत हा विनोद एवढ्या विपुल प्रमाणात शक्य नाही आणि बंगालीत तर क्रियापदाला लिंगभेदच नाही. बंगालीतून निघून हिंदीमार्गे आलेल्या कथेला मराठीत व्याकरणाने दिलेली ही देणगी होय. सबनीसांनी तिचा पुरेपूर उपयोग करून घेतला आहे. आदळआपटीच्या विनोदात शरीर घसरते. येथे शरीराच्या जोडीने भाषाही घसरते.

फसवणुकीचे मोल : प्रहसनात ज्याला फसवायचे, तो बहुधा कंजूष, जुलमी किंवा दांभिक असतो. त्यामुळे त्याच्या फजितीचे प्रेक्षकाला दुःख होत नाही. लीलाबाई तशा नाहीत. त्या करड्या आहेत, पण मायाळूही आहेत. या खोट्या सुनांवर त्या खरी माया करतात. पार्वतीला दिवस गेले असे ठरल्यावर होणाऱ्या डोहाळजेवणाच्या प्रसंगी हा विरोध टोकाला जातो. हिरवा साज, फुले, ओटी, गाणे असे सर्व काही यथासांग आहे आणि मधोमध परशुराम बसलेला आहे. प्रेक्षक पोट धरून हसतो. परंतु ज्या वृद्ध बाईच्या घरी हा सोहळा चालू आहे, तिचा आनंद खोटा नाही, हेही त्याला दिसत असते. चित्रपटातील सर्वांत मोठे हसू आणि सर्वांत मोठा अपराध एकाच जागी आणून ठेवण्याचे हे धाडस आहे. विनोदाला येथे नैतिक वजन प्राप्त होते. उत्तरार्धात सत्य उघड करण्याची चौघांची टाळाटाळ भित्रेपणाची वाटत नाही, याचे कारणही हेच. आता केवळ छप्पर जाण्याची भीती उरलेली नसते, एक माया गमावण्याचीही भीती असते.

मर्यादा : चित्रपटाचे दोषही नोंदविले पाहिजेत. लीलाबाईंच्या मिळकतीवर डोळा ठेवणारा बळी (विजू खोटे) हे पात्र कथेला शेवटाकडे ढकलण्यासाठी आणले आहे. त्याच्या वाट्याला आलेला दांडगाईचा भाग घराच्या प्रश्नाशी सेंद्रिय रीतीने जोडला जात नाही. चार नायकांना चार नायिका देण्याच्या हिशेबीपणामुळे उत्तरार्धात गीते आणि प्रेमप्रसंग यांची गर्दी होते. माधुरी ही धनंजयपेक्षा वरच्या अधिकाराची, कमावती स्त्री आहे व तिला स्वतःचे मन आहे. पण सुषमेच्या व्यक्तिरेखेला तेवढे अंग नाही. पुरुष बाईच्या वेषात वावरू लागला की बाईच्या जगण्यातील जाच त्याच्या अनुभवास येतो, ही या कथाबीजातील सुप्त शक्यता होती. तिचे ओझरते दर्शन घडते, पण लेखक-दिग्दर्शक तेथे थांबत नाहीत. पार्वतीच्या रूपावरून होणारा विनोद कोठे कोठे लांबतो, हेही मान्य करावे लागते.

असे असले, तरी त्याच काळातील इतर विनोदी मराठी चित्रपटांशी तुलना करता या चित्रपटाचा बंदिस्तपणा नजरेत भरतो. महेश कोठारे यांचा धूमधडाका (१९८५) हादेखील तमिळमधील कादलिक्क नेरमिल्लै (१९६४) या चित्रपटावरून आलेला होता आणि त्याच्या यशानंतर मराठीत विनोदी चित्रपटांची लाट आली. त्या लाटेतील अनेक चित्रपटांत प्रसंग सुटे आहेत व नटांच्या करामतीवर तरलेले आहेत. येथे एका असत्यातून दुसरे असत्य निघते आणि पहिल्या असत्यामागे खरी गरज असते. ही कार्यकारणाची साखळी अखेरपर्यंत तुटत नाही.

प्रभाव व मूल्यमापन : मराठीत रुजलेली ही कथा पुढे इतर भाषांतही गेली. तेलुगूतील चित्रम् भळारे विचित्रम् (१९९१) आणि पंजाबीतील मिस्टर अँड मिसेस ४२० (२०१४) हे चित्रपट त्याच धाग्यावरचे आहेत. दूरचित्रवाणीवरील वारंवार प्रक्षेपणामुळे १९८८ नंतर जन्मलेल्या पिढीलाही हा चित्रपट पाठ आहे आणि त्यातील वाक्ये म्हणींसारखी बोलण्यात येतात. चित्रपटातील वाक्य लोकांच्या तोंडी बसणे, ही जुन्या नाटकांतील पदांना मिळणाऱ्या मान्यतेचीच आधुनिक आवृत्ती म्हणता येईल.

या चित्रपटाच्या यशाचे श्रेय केवळ नटसंचाला देण्याची प्रथा आहे. नटसंच उत्तम होता, यात शंका नाही. परंतु तेच नट अनेक सामान्य चित्रपटांतही होते. पुनर्निर्मितीचे मोल तिच्या मूळस्रोताच्या दूरपणावरून किंवा जवळपणावरून ठरवू नये. उसनी कथा नव्या भूमीतील कोणत्या गरजेला, कोणत्या भाषेला आणि कोणत्या रंगपरंपरेला जोडली गेली, यावरून ते ठरते. अशी ही बनवाबनवी या चित्रपटाने घराची गरज पुण्यातून, भाषेची घसरण मराठी व्याकरणातून आणि सोंगाची कला नाटक-तमाशातून घेतली. त्यामुळे देवलांच्या फाल्गुनरावाप्रमाणे त्याचे चार मित्रही परक्या मुलुखातून येऊन येथील रहिवासी झाले. मराठी प्रहसनाच्या इतिहासात त्याचे स्थान या रूपांतरपरंपरेतच पाहिले पाहिजे.